खाली गेल्यावर सांगते

त्या वर्षी माझा नवरा शिष्य झाला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

तसा तो जन्मापासूनच ख्रिस्ती. मीही. माझे वडील नगरकडच्या खेड्यांत पाळक होते, म्हणजे उपासना चालवणं, लग्नं लावणं, माणसं पुरणं आणि उरलेल्या वेळात सायकलवरून घरोघर फिरणं हा त्यांचा व्यवसाय. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा मला वाटलं होतं की आता रविवारी सकाळी दोन तास चर्चमध्ये बसलं की धर्माचं काम संपलं. सहा-सात वर्षं ते तसंच चाललंही. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी आमच्या मंडळीत एक नवीन भाऊ आले आणि त्यांनी शनिवारी संध्याकाळी शिष्यवर्ग सुरू केला.

हे भाऊ कुठलंसं शिक्षण घेऊन आले होते. बोलायला गोड, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारे, आणि लग्न न झालेले. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण संसारात शनिवारी संध्याकाळी काय काय असतं याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. वर्गात प्रत्येकाला त्यांनी एक पुठ्ठा दिला. त्यावर पाच चौकोन. प्रत्येक चौकोनात शेजारच्या एका घराचं नाव लिहायचं. त्या घरी प्रभूबद्दल सांगितलं की लाल खूण, त्यांनी ऐकून घेतलं की निळी. दर शनिवारी भाऊ एकेकाकडे बघून विचारत, "या आठवड्यात कोणाला सांगितलं?" आणि पुठ्ठे वर धरायचे.

माझी पाळी आली की मी म्हणायचे, "कोणालाच नाही." दर शनिवारी. भाऊ मान हलवत आणि माझ्यासाठी प्रार्थना करत. माझ्यादेखत, माझं नाव घेऊन, डोळे मिटून. मी एक डोळा उघडा ठेवून घड्याळाकडे बघत असायचे, कारण घरी कुकर लावायचा राहिलेला असायचा.

मला त्या पुठ्ठ्याचा मनापासून राग होता. वडिलांनी कधी असल्या खुणा केल्या नाहीत. ते कोणाच्या ओट्यावर बसत, कोणाचं पत्र लिहून देत, कोणाच्या बैलाचं दुखणं ऐकून घेत आणि घरी येत. मी माझ्या वडिलांसारखी आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि समोरच्या दारात काका-काकू. मूळचे मालवणकडचे. काका गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि आता मुलगा एका कारखान्यात दुपारपाळी करत होता. काकूंना लिहावाचायला येत नव्हतं. काकांना वाचायचं वेड होतं, त्यामुळे जे हाती येईल ते ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवत. पेपर, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, वाण्याकडून आलेल्या पुड्याचा कागद. दार उघडं असलं की आमच्याही घरात ऐकू यायचं. निम्म्या जगाच्या बातम्या मला काकांच्या आवाजात कळलेल्या आहेत.

मी ठाण्याला एका कचेरीत टायपिस्ट होते. माझी मुलगी चार वर्षांची. बालवाडीतून आली की संध्याकाळी साडेसहापर्यंत ती काकूंकडे असायची. काकूंनी ते कधी उपकार म्हणून केलं नाही आणि मला कधी तसं वाटू दिलं नाही. "तुझा चेडू माका डोईजड नाय गो," एवढंच त्या म्हणत. म्हणजे त्या घरावर माझी नोकरी, माझी मुलगी आणि माझं डोकं ठिकाणावर असणं, सगळंच अवलंबून होतं. नवऱ्याच्या पुठ्ठ्यावर पहिल्या चौकोनात अर्थातच तेच घर होतं.

त्या डिसेंबरात काकांच्या पायाची दोन बोटं काढली. डायबेटीस. नाताळच्या दोन दिवस आधी त्यांना इस्पितळातून घरी आणलं.

आता नाताळची आमची रीत सांगायला हवी. दिवाळीत बिल्डिंगमधून आमच्याकडे फराळाची ताटं येत, नाताळला आमच्याकडून जात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि बेकरीत पत्र्याच्या ट्रेमधून भाजून आणलेला केक. ताटावर क्रोशाचा रुमाल. आणि आलेलं ताट कोणी रिकामं परत करत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालून, पण रिकामं नाही. ताटं माझ्या लग्नातली, आईने प्रत्येकावर माझं नाव घालून दिलेली, त्यामुळे कोणाकडे अडकलंय ते लगेच कळायचं.

त्या सकाळी मी करंज्या मांडत होते तर नवरा आपण होऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "तळाशी कागद मी घालतो." लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत या माणसाने पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने विसळला नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी दमले होते, मला बरं वाटलं, आणि मी चक्क त्याला म्हटलं, "किती बाई सुधारलात."

पाच ताटं. मी स्वतः नेऊन दिली, हसतहसत, नवी साडी नेसून. काकूंच्या ताटात मी करंज्या कमी आणि चकल्या जास्त घातल्या होत्या, काकांनी चोरून खाऊ नये म्हणून. तेवढी मी हुशार होते.

दुपारी दार वाजलं. काकूंचा मुलगा. माझ्याच वयाचा, एरवी थट्टामस्करी करणारा. त्याच्या हातात तेलाचा डाग पडलेलं एक पत्रक होतं.

"वहिनी, हे तुमच्या ताटातून निघालं."

मी ते घेतलं. वर जाड अक्षरात छापलं होतं, 'मेल्यानंतर तुम्ही कोठे जाल?'

"बाबांनी वाचलं," तो म्हणाला. "मोठ्याने. तुम्हाला माहितीये ना त्यांचं. आई रडतेय. परवाच इस्पितळातून आणलंय यार त्यांना, हे काय आहे?"

तो दोन मिनिटं उभा राहिला, मग "जाऊ दे, तुम्हाला ठाऊक नसणार," असं म्हणून गेला. त्याने तसं म्हटल्याने मला जास्त लाज वाटली.

नवरा आत मुलीला चांदणी लावायला मदत करत होता. मी पत्रक त्याच्यासमोर धरलं. तो आधी खूश झाला. खरंच सांगते, त्याचा चेहरा उजळला, त्याला वाटलं कोणी तरी वाचून काही विचारायला आलंय. मग त्याने वरची ओळ वाचली.

"अगं, भाऊंनी गठ्ठाच दिला होता," तो म्हणाला. "मी वरून पाच काढली. सगळ्यांना सारखंच घातलं."

"तुम्ही वाचलंसुद्धा नाही?"

"आत प्रीतीबद्दल आहे. शेवटच्या पानावर."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि नाताळच्या दिवशी बोलण्यासारखंही नव्हतं. शेजाऱ्याचे पाय कापले जातायत आणि तुम्हाला चौकोन भरायचेत. लाल खूण करा आता. निळीसुद्धा करा, ऐकलं त्यांनी, चांगलं मोठ्याने ऐकलं. तो खाली मान घालून ऐकत होता. चांगल्या माणसावर ओरडण्यात एक त्रास असतो, तो उलट बोलत नाही आणि आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत राहतं.

शेवटी मी फर्मान काढलं. "आजपासून त्या घरात प्रभूचं नाव तुमच्या तोंडून निघता कामा नये. मी सांगेपर्यंत. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

बाकीची चार ताटं दोन दिवसांत परत आली. तीन साखर घेऊन. चौथ्यात लाडू होते आणि शेजारी ते पत्रक, पुसून, घडी सरळ करून. आमचा काही कामाचा कागद चुकून राहिला असेल असं त्या बाईंना वाटलं होतं. काकूंचं ताट आलं नाही.

मी वाट पाहिली. चार दिवस, आठ दिवस. मुलीला मात्र काकू पहिल्यासारखंच ठेवून घेत होत्या. मला वाटलं होतं की आता "तुझी सोय बघ" म्हणतील, आणि मी त्याला तयार होते. तसं काही नाही. संध्याकाळी मी गेले की त्या मुलीला दारात आणून सोडत, "चेडू जेवला हा," म्हणत आणि आत जात. आधी आम्ही अर्धा अर्धा तास उंबऱ्यावर बसून बोलायचो. आता "जेवला हा" आणि पाठ. त्या भांडल्या असत्या तर मी समजूत काढली असती. पण कोणी रागात असूनही आपल्या पोराला जेवू घालत असलं तर त्याच्यापुढे बोलायचं काय? रोज रात्री भांडी लावताना रॅकवर एका ताटाची जागा मोकळी दिसायची आणि माझा नवऱ्यावरचा राग पुन्हा ताजा व्हायचा.

एका संध्याकाळी मी त्याला ढकललं. "जा आणि माफी मागा. धर्माचा एक शब्द नको."

तो गेला, दारात उभा राहिला. मी आमच्या दारातून ऐकत होते. काकूंनी बस म्हटलं नाही. तो काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, "अरे, तो इलोच हा तर त्याका विचार, खुर्चीचा एक टोक धरशीत काय?"

झालं होतं असं, की काकांच्या पायाचं ड्रेसिंग दिवसाआड करायचं होतं. डॉक्टर नाक्यावर, संध्याकाळी सात वाजता. मुलगा तेव्हा कारखान्यात. काकांना पाय टेकवायची मनाई. तीन मजले उतरायचे कसे? आतापर्यंत कोणाकोणाच्या हातापाया पडून भागवलं होतं. काकांकडे एक हाताची लाकडी खुर्ची होती. तिच्यात बसवून न्यायचं. एक टोक माझा नवरा धरणार. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं, म्हणून मी.

अशा रीतीने आम्ही नवरा-बायको दिवसाआड एका गिरणी कामगाराला खुर्चीत बसवून चोपन्न पायऱ्या उतरवू आणि चढवू लागलो. नवरा खालच्या बाजूला, उलटा चालत. मी वरच्या बाजूला, खुर्चीची पाठ धरून. ठाण्याहून उभ्याने आलेली मी, विक्रोळीहून दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला तो. काका हाडापेराने मोठे होते. पहिल्या आठवड्यात माझे दंड असे दुखले की टाइप करताना बोटं वळेनात. मनात म्हणायचे, लोकांचे नवरे पत्ते खेळतात, सिगरेट ओढतात. सुखी असतात त्या बायका.

शनिवारी ड्रेसिंग आलं की वर्ग बुडे. दोन शनिवार बुडाल्यावर भाऊ घरी आले. नवऱ्याला म्हणाले, "आधी प्रभूचं काम, मग बाकीचं. शिष्याला हे ठरवता आलं पाहिजे." नवरा नुसता "हो" म्हणाला. मी चहा ठेवायला आत गेले आणि मुद्दाम साखर कमी घातली.

काकांची जीभ मात्र तल्लख. बोटं गेली तरी थट्टा गेली नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही खुर्ची टेकवून दम खात असू. तिथे सिमेंटची जाळी होती, वारा यायचा, आणि खालच्या कोणाकडचा मासे तळल्याचा वास. काका नवऱ्याकडे बघत आणि म्हणत, "काय रे, तोंडाक कुलूप घातलंस काय? आधी तर कागद वाटी होतस."

नवरा हसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे. तो गप्प बसायचा. मी एकदा घातलेली बंदी त्याने अक्षरन् अक्षर पाळली. त्याला ते जड जात होतं हे मला दिसत होतं. बोलका माणूस. वळणावर उभा राहून तो काकांची लुंगी पायावर सारखी करायचा, चप्पल हातात घ्यायचा, घाम पुसायला रुमाल द्यायचा, आणि बोलायचा फक्त हवापाण्याबद्दल. मला समाधान वाटायचं. बघा, असं असतं, मी मनात म्हणायचे. माझे वडील असेच होते. प्रीती करावी, बडबड करू नये.

एका मंगळवारी, जानेवारी संपला असेल, आम्ही त्याच वळणावर टेकलो. काका बराच वेळ जाळीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या कागदावर लिवलेला, तां खरा काय रे?"

नवऱ्याने घाम पुसायला रुमाल पुढे केला.

"थट्टा करणय नाय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, जसं ते डॉक्टरांशी बोलत, "खरंच विचारतो. माका रात्री झोप लागत नाही. मेल्यावर माणूस जातो खंय? तुम्हा लोकांना ठाऊक असतं म्हणतात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तो चेहरा विसरलेली नाही. खुर्चीचा एक पाय त्याच्या गुडघ्यावर टेकलेला, कपाळावर घाम, आणि लहान मुलाने परवानगी मागावी तसा बघत होता. मी मान नुसती खाली केली असती तरी चाललं असतं. किंवा मी स्वतः सांगितलं असतं. पाळकाची मुलगी, शेकडो मयतींना वडिलांच्या मागे उभी राहिलेली, त्यांचे शब्द मला पाठ होते.

पण मला लाज वाटली. वरून कोणी उतरत होतं, पायांचा आवाज येत होता. जिन्यात, मासळीच्या वासात, देवाबद्दल बोलायचं? कोणी ऐकलं तर म्हणेल, आले बघा हे परत, आता माणूस आजारी पडलाय तर बरोबर गाठला. आणि माझे हात खरंच भरून आले होते. मी म्हटलं, "काका, आधी खाली तर पोचू या. खाली गेल्यावर सांगते."

"बरा," काका म्हणाले.

आम्ही उचललं आणि उतरलो. खाली रिक्षा उभी होती, मग दवाखान्यात गर्दी, मग कंपाउंडरशी वाद. वर येताना बोलायला कोणाला दम नव्हता. मी सांगितलं नाही. गुरुवारी काकांनी विचारलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. शनिवारीही नाही. सुटले, असं मला वाटलं. हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता, म्हणून लिहिते.

त्या मंगळवारी रात्री जेवताना नवरा मला म्हणाला, "तू मला का अडवलंस?" सात वर्षांत त्याने मला जाब विचारलेला तो एकच.

"तुमचं तोंड सुटलं की थांबत नाही म्हणून."

"मला एकच वाक्य सांगायचं होतं."

"कोणतं?"

त्याने ताट सरकवलं आणि उठला. "तू सांगणार आहेस ना त्यांना. मग सांग."

मार्चमध्ये काका गेले. भरदुपारी, पेपर वाचून दाखवता दाखवता. मला कचेरीत फोन आला तो नवऱ्याचा. आले तेव्हा जिन्यात माणसं उभी होती, आणि माझी मुलगी काकूंच्या मांडीवर बसून होती, कोणी उचलायला गेलं तर उठत नव्हती. काकूंनीही तिला सोडलं नाही.

खाली न्यायची वेळ आली. जिना अरुंद, वळणं अवघड. कोकणातले नातेवाईक आलेले, त्यांच्यात कोणी कुठे धरायचं याची चर्चा चालली होती. तेवढ्यात काकांचा मुलगा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, खालची बाजू तुम्ही धरा. तुम्हाला जिना ठाऊक आहे."

एका नातेवाइकाने "पण हे तर..." असं काही सुरू केलं. मुलाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. माझा नवरा उलटा चालत त्यांना चोपन्न पायऱ्या घेऊन गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सवयीने तो क्षणभर थांबला, आणि मागचे सगळे थांबले. तो का थांबला ते कोणाला कळलं नाही. मला कळलं. मी वर कठड्यापाशी उभी होते आणि माझे हात मोकळे होते.

तेरावं झालं. त्यानंतर आठवड्याभराने एका संध्याकाळी मी भात लावत होते तर काकू दारात. हातात ताट. माझं नाव घातलेलं, नाताळचं. वर माझाच क्रोशाचा रुमाल, धुऊन, इस्त्री करून.

"किती दिवस रवला गो तुझा ताट," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, राहू द्या हो. तुम्ही रागावणं साहजिक होतं."

"राग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राग दोन दिवस होतो. मगे कसलो राग? तुम्ही दोघा खुर्ची उचलत होतात." त्यांनी रुमाल बाजूला केला. ताटात साखर होती. "रिकामा कसा पाठवतलंय? आणि घरात साखर खंय होती? हे चोरून खायत, म्हणान डबोच काढून टाकलेलो. आज आणली."

तीन महिने मी त्या रॅकवरच्या मोकळ्या जागेकडे बघून नवऱ्याला छळलं होतं. ताट द्यायला त्यांच्या घरात फक्त साखर नव्हती. मी ताट हातात घेतलं आणि मला रडू यायला लागलं, आणि रडू आल्याचा राग यायला लागला.

काकू उंबऱ्यावर बसल्या, पूर्वीसारख्या. मग म्हणाल्या, "हे दोनदा म्हणाले माका. ती खाली गेल्यार सांगतंय म्हणाली होती, अजून सांगूक नाय. मी म्हटलंय, विचारा परत. तर म्हणाले, नको, तिका लाज वाटली, माका दिसला."

कुकरची शिट्टी झाली. मी आत गेले नाही.

"आता माका सांग," काकू म्हणाल्या. "माका वाचूक येणा नाय. वाचून दाखवणारो गेलो. खंय गेलो तो?"

मी खाली बसले. वडिलांचे पाठ असलेले शब्द आठवायचा प्रयत्न केला आणि एकही आठवेना. जे सुचलं ते बोलले, अडखळत, मध्येच नाक पुसत. म्हटलं, काकू, कुठे ते मला नीट सांगता येत नाही. कोणाकडे ते सांगता येतं. ज्याच्याकडे जातात तो खुर्ची धरणारा आहे. आपले हात भरून येतात, त्याचे येत नाहीत. मी एवढ्यावर विश्वास ठेवून आहे. याच्यापुढचं मला येत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. मग अगदी सरळ, जसं त्या मला "भातात पाणी जास्त झालं" म्हणत, तशा म्हणाल्या, "मगे तां त्याच दिवशी सांगूक तुका काय झाला होता?"

वडील बडबड करत नसत हे खरं. पण कोणी ओट्यावर बसून विचारलं तर ते सायकल भिंतीला टेकवायचे आणि सांगायचे. मी त्यांच्यातलं गप्प बसणं तेवढं उचललं होतं, कारण ते सोपं होतं. त्याला मी इतकी वर्षं प्रीती म्हणत होते.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "माझी बंदी संपली." तो म्हणाला, "आता काय." पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो काकूंकडे गेला, पेपर घेऊन, आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवत बसला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. धर्माचा एक शब्द त्यात नव्हता, तरी काकू मध्येमध्ये त्याला काहीबाही विचारत होत्या आणि तो सांगत होता. मी आमच्या दारातून ऐकत होते.

शनिवारी आम्ही वर्गाला गेलो. पुठ्ठे वर धरले गेले. माझ्या नवऱ्याच्या पुठ्ठ्यावर नाताळनंतर एकही खूण नव्हती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "या आठवड्यात कोणाला सांगितलं?"

"एकाला सांगायचं राहिलं," मी म्हटलं.

भाऊ म्हणाले, "हरकत नाही. पुढच्या आठवड्यात सांगा."